गप्पांचे ध्वनिमुद्रण आणि त्या लेखी उतरवणे: फोन, रेकॉर्डर की सॉफ्टवेअर?

मालवण तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारले आहे, की गावातील रापणकर (किनाऱ्यावरून ‘रापण’ हे मोठे जाळे ओढून मासेमारी करणारे), मासळी विकणाऱ्या बायका आणि दशावतारात आयुष्य घालवलेले जुने कलावंत यांच्याशी होणाऱ्या गप्पा ध्वनिमुद्रित करून लेखी स्वरूपात जतन करायच्या आहेत. हाताशी सुमारे १५,००० रुपये, वाचनालयाचा एक लॅपटॉप आणि स्वयंसेवकांचे अँड्रॉइड फोन आहेत. तर फोनवरचे अ‍ॅप पुरेल, वेगळा रेकॉर्डर घ्यावा, की बोललेले आपोआप लिहून देणारे जे उपकरण हल्ली जाहिरातींत दिसते ते घ्यावे? वाचनालयाच्या कपाटात दशावताराच्या काही जुन्या कॅसेट पडून आहेत, त्यांचे काय करावे, असेही त्यांनी शेवटी जोडले आहे.

थोडक्यात उत्तर आधी देतो. ध्वनिमुद्रणासाठी हातात मावणारा साधा रेकॉर्डर आणि तारेचे दोन कॉलर माइक घ्यावेत. उपलब्ध रकमेचा मोठा भाग इथेच खर्च व्हावा. उतरवून घेण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेऊ नये, फुकट मिळते ते वापरावे, आणि मालवणी बोलण्याच्या बाबतीत खरे काम कान लावून बसणाऱ्या माणसालाच करावे लागेल असे गृहीत धरून योजना आखावी. दोन्ही कामे एकाच डबीत करून देणारे उपकरण आपल्या कामासाठी मी सुचवणार नाही.

या दोन कामांचे स्वरूपच वेगळे आहे, आणि प्रश्न विचारताना बहुतेक जण नेमकी इथेच गल्लत करतात. उतरवलेला मजकूर आज वाईट निघाला तर दोन वर्षांनी, अधिक चांगले सॉफ्टवेअर आल्यावर, त्याच ध्वनिमुद्रणावरून तो पुन्हा उतरवता येतो. पण ऐंशी वर्षांच्या तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याने, एकदा रंगात येऊन सांगितलेली हकिगत तशीच्या तशी पुन्हा मिळत नाही. म्हणून जे काम एकदाच होणार आहे त्यात काटकसर करू नये आणि जे पुन्हा पुन्हा करता येणार आहे त्यात आजच पैसे अडकवू नयेत. आपोआप लिहून देणाऱ्या उपकरणांत नेमके उलटे घडते. त्यांतील बहुतेकांत लिहिण्याचे काम त्या डबीत होतच नाही. आवाज डबीतून फोनवर, फोनवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून मजकूर परत येतो. म्हणजे आपण पैसे मोजतो ते एका लहानशा माइकचे आणि पुढे दरमहा भरायच्या वर्गणीचे. वर्गणी थांबली, कंपनीने सेवा बंद केली किंवा गावात रेंज नसली, की हातात उरतो तो दाबून लहान केलेला आवाज. खोक्यावर शंभराहून अधिक भाषा छापलेल्या असतात आणि त्यांत मराठीही असते, पण ती वाहिन्यांवरच्या बातम्यांची मराठी असते, खळ्यात बसून गजाली करणाऱ्यांची नव्हे.

फोनविषयी मात्र माझे मत लोक समजतात तितके वाईट नाही. आजच्या मध्यम किमतीच्या फोनचा माइकही हातभर अंतरावरचे बोलणे उत्तम टिपतो. अडचण आहे ती फोनच्या स्वभावाची. मध्येच कॉल आला की अनेक फोनांत ध्वनिमुद्रण थांबते. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही कंपन्यांचे फोन पडदा बंद होताच पार्श्वभूमीतले अ‍ॅप निकालात काढतात आणि हे तासाभराने, घरी गेल्यावर कळते. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट गाळणारी अंतर्गत यंत्रणा वयस्क माणसाच्या क्षीण झालेल्या शब्दान्तांनाच गोंगाट समजून पुसून टाकते. फोनच वापरायचा झाला तर विमान मोडवर टाकावा, त्या अ‍ॅपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळावे, इझी व्हॉइस रेकॉर्डरसारखे वेव्ह स्वरूपात, म्हणजे आवाज न आवळता, मुद्रण करणारे अ‍ॅप घ्यावे, आणि खऱ्या मुलाखतीआधी घरी तासभर चालू ठेवून पडदा बंद असतानाही ते चालू राहते का हे पाहावे. मुद्रण झाल्यावर फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजमधला आवाज इतका आवळलेला असतो की निरोपाला तो पुरतो, जतनाला नाही. स्वयंसेवकांचे फोन आपल्याला दुसरी प्रत म्हणून उपयोगी पडतील: रेकॉर्डर चालू असताना एक फोन शेजारी उपडा ठेवून त्यावरही मुद्रण चालू ठेवावे. रेकॉर्डरचे कार्ड बिघडले तर तोच कामाला येईल.

रेकॉर्डर कोणता, हा प्रश्न दुकानदार फार मोठा करतात, प्रत्यक्षात तो लहान आहे. झूम कंपनीचा एच१एन किंवा त्याचा पुढचा एच१एसेन्शियल, टॅस्कॅमचा डीआर-०५एक्स, यांपैकी कोणताही पुरेल. किमती बदलत असतात, पण हे साधारणपणे आपल्या रकमेत माइकसाठी पैसे उरतील अशा बेताने मिळतात. निवडताना बाहेरून माइक जोडण्याचे छिद्र आहे ना, बाजारात कुठेही मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालतो ना, आणि साध्या मेमरी कार्डावर वेव्ह फाइल लिहितो ना, एवढे पाहावे. कार्यालयीन टिपणांसाठी विकले जाणारे छोटे व्हॉइस रेकॉर्डर सेलवर फार काळ चालतात, पण त्यांतील अनेक फक्त एमपी३ मध्येच मुद्रण करतात. आपल्या कामाला ते मी टाळेन. एच१एसेन्शियलमध्ये ३२ बिट फ्लोट नावाची सोय आहे. तिचा खरा फायदा असा, की मुद्रणाची पातळी चुकीची लावली गेली तरी बोलणारा अचानक मोठ्याने हसला किंवा देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यात ‘व्हय म्हाराजा’ असा एकमुखी होकार उठला तर आवाज फाटत नाही, नंतर संगणकावर खाली आणता येतो. दरवेळी वेगळा स्वयंसेवक यंत्र हाताळणार असेल तर ही सोय पैसे वसूल करते. एकच सरावलेला माणूस असेल तर २४ बिटांत, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावली, की तेवढेच चांगले काम होते.

नमुनादर, म्हणजे यंत्र सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेते तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ ठेवावा. ९६ किलोहर्ट्झचे आकडे दाखवून महाग यंत्र गळ्यात मारले जाते, पण माणसाच्या बोलण्यासाठी त्याचा उपयोग नाही. आवाजावरून मजकूर करणारी व्हिस्पर ही प्रणाली तर प्रत्येक फाइल आधी १६ किलोहर्ट्झवर उतरवूनच वाचते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि आवाजाच्या डावी-उजवी अशा दोन वाहिन्या या हिशेबाने एका तासाची फाइल साधारण १ जीबीची होते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर तीसेक तास बसतात. त्याच तासाची १२८ केबीपीएसची एमपी३ फाइल ५८ एमबीच्या घरात येते. ही तफावत पाहून एमपी३ निवडण्याचा मोह होतो, पण साठवणुकीची जागा आता स्वस्त आहे. वेव्हवरून एमपी३ केव्हाही करता येते, एमपी३ करताना गाळला गेलेला तपशील मात्र परत येत नाही.

आता ज्यावर सगळे अवलंबून आहे त्या माइकच्या अंतराकडे येतो. उघड्यावर बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो, आणि पंखा, समुद्र, शेजारचा मिक्सर मात्र आहे तिथेच राहतात. बाकावर ठेवलेला महागडा रेकॉर्डर आणि हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावलेला स्वस्त कॉलर माइक यांत दरवेळी कॉलर माइकच जिंकतो. बोयाचा बीवाय-एम१ हा तारेचा माइक स्वस्त आहे, तार ६ मीटर लांब आहे आणि फोन व कॅमेरा असा बदल करणारा खटका त्यावर आहे. रेकॉर्डरला जोडताना तो कॅमेऱ्याकडे ठेवावा आणि काम संपल्यावर परत फिरवावा, नाहीतर आतला एलआर४४ सेल संपून पुढच्या वेळी माइक मुका राहतो. इतर माइक घेताना त्याच्या पिनेवरच्या काळ्या पट्ट्या मोजाव्यात: तीन पट्ट्यांची पिन फोनसाठी असते, दोन पट्ट्यांची रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यासाठी. दोन माइक एका रेकॉर्डरला जोडायचे तर एक डाव्या आणि दुसरा उजव्या वाहिनीत जाईल असा स्प्लिटर लागतो. तो दुकानातच लावून, हेडफोनवर दोन्ही बाजू खरोखर वेगळ्या ऐकू येतात याची खात्री करून मगच पैसे द्यावेत, कारण दिसायला सारखे पण दोन्ही आवाज एकत्र कालवणारे स्प्लिटर सर्रास मिळतात. विचारणारा एका वाहिनीत आणि सांगणारा दुसऱ्या वाहिनीत असला, की दोघे एकाच वेळी बोलले तरी नंतर कोण काय म्हणाले ते सुटे करता येते. बिनतारी माइक सोयीचे असतात, पण बसून बोलण्यासाठी त्यांची गरज नाही, आणि चार्ज करायच्या आणखी दोन वस्तू सांभाळाव्या लागतात.

माइक लावण्याची जागा हे पुस्तकात न मिळणारे शास्त्र आहे. लुगड्याच्या पदरावर माइक लावला की पदर सावरताना दरवेळी खरखर येते, आणि मंगळसूत्राचे मणी त्यावर आपटले तर तो टकटक आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. अशा वेळी माइक पदराऐवजी ब्लाउजच्या कडेला, मण्यांपासून दूर, खांद्याच्या बाजूला लावावा आणि तारेचा एक वेढा चिकटपट्टीने आतून पक्का करावा. दुपारी ओटीवर उघड्या अंगाने बसलेल्या आजोबांना तर कॉलरच नसते. त्यांना मुलाखतीसाठी सदरा घालायला लावला, की ते सरकारी माणसासमोर बसल्यासारखे बोलू लागतात. त्यापेक्षा खांद्यावरच्या पंच्याला माइक लावावा, किंवा साध्या दोऱ्यात ओवून गळ्यात सोडावा.

किनाऱ्यावरच्या मुद्रणाची वेळही ठरवून घ्यावी लागते. सकाळी मतलई वारा पडत आलेला असतो आणि खारा वारा अजून चढलेला नसतो, ती दोन-तीन तासांची वेळ सर्वांत निवांत. दुपारनंतर खारा वारा माडांत शिरला, की झावळ्यांची सळसळ प्रत्येक वाक्याखाली येते. माइकवर स्पंजाची किंवा केसाळ कापडाची टोपी हवीच. रेकॉर्डरमधील ८० हर्ट्झच्या आसपासचा लो-कट, म्हणजे खालच्या पट्टीचे आवाज गाळणारी सोय, चालू ठेवला तर वाऱ्याचे धक्के आणि समुद्राची खालची घरघर पुष्कळ कमी होते. संध्याकाळी रातकिडे सुरू होतात. त्यांचा आवाज उंच पट्टीतला असल्याने लो-कट त्याला हात लावत नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत मुद्रण करण्याच्या फंदात पडू नये, माजघरात बसावे. वीज गेली तर वाईट वाटून घेऊ नये: पंखा, फ्रिज आणि शेजारचा टीव्ही एकदम बंद होतात, आणि आपला रेकॉर्डर सेलवर चालू असतो. वीज असताना फ्रिज बंद करावा लागला, तर आपल्या दुचाकीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवण्याची ध्वनिमुद्रकांची जुनी युक्ती करावी, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय आपण त्या घरातून निघूच शकत नाही. आणि मुद्रण चालू असताना एकाच्या तरी कानाला हेडफोन असलाच पाहिजे. पडद्यावर पट्ट्या नाचत असतात म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नये. सैल पिनेची खरखरही पट्ट्या नाचवते.

खाऱ्या दमट हवेत ही यंत्रे शहरापेक्षा लवकर मरतात. पिना हिरव्या पडतात, सेल गळतात, माइकच्या जाळीवर बुरशी येते. काम नसेल तेव्हा सेल काढून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, घट्ट झाकणाच्या डब्यात सगळे ठेवावे.

लेखी उतरवण्याकडे वळताना एक फरक स्पष्ट ठेवावा लागतो. प्रमाण मराठीत, एकाने सलग बोललेले असेल, तर आजची फुकट सॉफ्टवेअर कामचलाऊ कच्चा मसुदा देतात. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुली केलेली व्हिस्पर ही प्रणाली लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालते. ती ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेली आहे, मात्र त्यातील सुमारे दोन तृतीयांश इंग्रजी आणि मराठीचा वाटा अगदी तुटपुंजा आहे. तिची लहान-मोठी प्रतिमाने (मॉडेल) मिळतात. मराठीसाठी लहान प्रतिमाने जवळजवळ निरुपयोगी, मोठे प्रतिमान बऱ्यापैकी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर मोठे प्रतिमान एका तासाच्या आवाजाला तासापेक्षा पुष्कळ जास्त वेळ घेते, तेव्हा रात्री लावून सकाळी पाहावे हे उत्तम. भाषा ओळखण्याचे काम तिच्यावर सोडू नये. ती पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवते आणि मराठीला हिंदी समजण्याची तिला खोड आहे. म्हणून भाषा मराठी अशी आपणच नेमून द्यावी. गावांची, माशांची, होड्यांची नावे सुरुवातीच्या सूचनेत लिहून दिली तर ती थोडी अधिक बरोबर येतात, पण त्या सूचनेला २२४ टोकनांची, म्हणजे मजकुराच्या बारीक तुकड्यांची, मर्यादा आहे आणि देवनागरी अक्षरे टोकन भराभर खातात, तेव्हा नेमकी नावेच द्यावीत. आयआयटी मद्रासमधील एआयफोरभारत या गटाची इंडिककॉन्फॉर्मर प्रतिमानेही खुली आहेत आणि त्यांत मराठीबरोबर कोंकणीही आहे, जी व्हिस्परच्या यादीत नाही. आपल्या मुद्रणाचा एक तुकडा दोन्हींवर घालून पाहण्यास हरकत नाही.

मालवणीची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे यंत्राची चूक कोणत्या जातीची असते हे समजून घेणे आवश्यक आहे. सांगणारा म्हणतो, ‘माका खय म्हायत, बापूस रापणीक जायचो’, म्हणजे मला कुठे माहीत, बाप रापणीला जायचा. यंत्राने यातून काहीतरी अगम्य लिहिले तर त्रास नाही, वाचणारा लगेच थांबतो आणि आवाज ऐकतो. पण अनेकदा ते लिहिते, ‘मला काय माहीत, बाप राबणूक जायचा’. पहिला अर्धा भाग स्वच्छ, शुद्ध, वाचायला सुखद आणि सांगणाऱ्याने उच्चारलेलाच नाही. दुसऱ्या अर्ध्यात रापण गेली आणि कुठलीशी राबणूक आली. तपासणारा स्वयंसेवक कंटाळलेला असला, की पहिल्या भागावरून नजर सरळ निघून जाते. मजकूर जितका सफाईदार, तितकी त्याची तपासणी ढिली होते, म्हणून अशा कामात मी सफाईदार मसुद्यालाच अधिक घाबरतो. लांब विरामांत व्हिस्परला आणखी एक आजार होतो: माणूस गप्प असताना ते न बोललेले वाक्य घालते, किंवा एकच वाक्य ओळीने छापत सुटते. शांतता आधी ओळखून वगळण्याची सोय फास्टर-व्हिस्परसारख्या आवृत्त्यांत आहे, ती चालू ठेवावी. कोण बोलले हे व्हिस्पर स्वतः सांगत नाही. वर सांगितलेल्या दोन वाहिन्या वेगवेगळ्या काढून एकेक उतरवल्या तर तो प्रश्न जवळजवळ सुटतो.

निर्णय घेण्यासाठी टक्केवारीच्या दाव्यांवर जाऊ नये, घड्याळ लावावे. एखाद्या मुलाखतीतील पाच मिनिटांचा तुकडा घेऊन एका स्वयंसेवकाने तो नुसत्या कानाने ऐकून टंकावा, दुसऱ्याने त्याच तुकड्याचा यंत्राचा मसुदा आवाजाशी ताडून दुरुस्त करावा. दुरुस्तीला टंकण्याइतकाच किंवा जास्त वेळ लागत असेल, तर त्या प्रकारच्या बोलण्यासाठी यंत्र सोडून द्यावे. माझ्या अंदाजाने प्रमाण मराठीत बोलणाऱ्या निवृत्त शिक्षकांच्या मुलाखतींना यंत्राचा उपयोग होईल, आणि रापणीवर दोघे-तिघे एकमेकांचे बोलणे तोडत बोलतात तिथे होणार नाही.

माणसाने उतरवण्याचा वेळ आधीच हिशेबात धरावा. स्पष्ट आवाजातील एका तासाच्या बोलण्याला सरावलेल्या टंकलेखकाला चार ते सहा तास लागतात. बोली, एकमेकांवर चढणारे आवाज आणि वाऱ्याचा गोंगाट असेल तर वेळ याच्या दुप्पटही होतो. म्हणून प्रत्येक मुद्रण शब्दशः उतरवायचे ठरवू नये. आधी प्रत्येक फाइलची वेळेनुसार विषयसूची करावी, जसे की बाराव्या मिनिटाला रापण ओढण्याची पद्धत, विसाव्या मिनिटाला वादळाची आठवण, आणि त्यातून निवडलेले भागच शब्दशः घ्यावेत. सूचीसाठी एक सोपी पद्धत आहे: एकाने हेडफोनवर ऐकत ऐकत आशय प्रमाण मराठीत स्पष्ट उच्चारून गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगला सांगावा. विरामचिन्हे येत नाहीत आणि नेट लागते, पण टंकण्यापेक्षा काम वेगाने होते. शब्दशः उतरवण्यासाठी निमेगेन येथील मॅक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेचे ईलॅन हे फुकट सॉफ्टवेअर वापरावे. त्यात प्रत्येक वाक्य आवाजातील त्याच्या जागेशी बांधलेले राहते, आणि मालवणी एका ओळीत, तिचे प्रमाण मराठी रूप खालच्या ओळीत, असे ठेवता येते. शिकायला एक-दोन दिवस जातात. ते जड वाटले तर ओट्रान्स्क्राइब हे ब्राउझरमध्ये चालणारे साधे साधनही चालेल. शिल्लक राहिलेल्या पैशांतून महागड्या सॉफ्टवेअरची वर्गणी भरण्याऐवजी गावातीलच, मालवणी घरात बोलणाऱ्या आणि मराठी टंकता येणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला मानधन द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आवाज बाहेरच्या सर्व्हरवर पाठवावा की नाही, हा तांत्रिक नव्हे तर गावाचा प्रश्न आहे. जुनी माणसे बोलता बोलता देवस्थानाचे मान, सामाईक जमिनीची वहिवाट, कोणाच्या घरातले भांडण यांवर येतातच. अशी फाइल अनोळखी कंपनीच्या हवाली करण्याची परवानगी त्यांनी आपल्याला दिलेली नसते. मुद्रणाच्या सुरुवातीला नाव, गाव, दिनांक आणि हे मुद्रण कोणाला ऐकवले तर चालेल, हे त्यांच्याच तोंडून मुद्रित करून घ्यावे, आणि असे भाग असलेल्या फाइली लॅपटॉपवरच उतरवाव्यात. एखादे मुद्रण पुढे हक्काच्या वादात दाखवले जाण्याची शक्यता वाटली, तर मूळ फाइलला काटछाट करू नये, गोंगाट कमी करण्याचा प्रयोगही प्रतीवर करावा, आणि मुद्रणाच्याच दिवशी तिचे एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारी तिची ओळखखूण, काढून वहीत लिहून ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हे हॅश मागितलेले आहे. मूळ कार्डावरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून एका बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी प्रत गावाबाहेर कोणाकडे तरी, अशी व्यवस्था ठेवावी. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात पुराचे पाणी शिरले तेव्हा एकाच इमारतीत ठेवलेल्या वस्तूंचे काय होते हे कोकणाने पाहिले आहे.

कॅसेटच्या बाबतीत, बाजारात यूएसबीला जोडायची जी स्वस्त वॉकमनसारखी यंत्रे मिळतात ती घेऊ नयेत. त्यांची गती स्थिर नसते आणि गाणे-संवाद हेलकावे खातात. कोणाच्या तरी घरी चालू स्थितीतला जुना कॅसेट डेक असेल, तो मागून आणावा, त्याचे हेड स्पिरिटने पुसावे, आणि त्याच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या छिद्रातून, आपल्याच नव्या रेकॉर्डरच्या छिद्रात तार जोडून, पातळी खाली ठेवून, ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटांवर मुद्रण करावे. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहावी. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल किंवा फिरताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर ती चालवू नये, कोरड्या डब्यात वेगळी ठेवून जाणत्या माणसाकडे न्यावी. जी चांगली आहे तीही चाचणीसाठी पुन्हा पुन्हा न वाजवता पहिल्याच फेरीत मुद्रित करून घ्यावी, आणि खोक्यावर हाताने लिहिलेली मंडळाची, नटांची व गावाची नावे फोनवर छायाचित्र काढून त्याच फाइलशेजारी ठेवावीत.